चिपच्या गावाला हे वकीलही हवेत

फ्रीमाँटमधल्या मराठी घरांत मुलांच्या करिअरचा विषय निघाला की यादी ठरलेली असते. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल, फार तर बायोटेक. मूल डॉक्टर झालं तर भारतातले आजी-आजोबा खूश. वकिलीचं नाव कुणी काढलंच तर पुढचा प्रश्न येतो, "इमिग्रेशनची ना?" किंवा "पेटंटची?" आपला वकिलांशी संबंध येतो तो एवढ्यापुरताच. एच-वन, ग्रीन कार्ड, घराचे कागद आणि मृत्युपत्र.

म्हणून माझ्या एका मित्राच्या मुलीने लॉ स्कूलच्या शेवटच्या वर्षात घरी सांगितलं, की विषारी रसायनांमुळे आजारी पडलेल्या माणसांचे खटले तिला चालवायचे आहेत, तेव्हा घरात जरा शांतताच पसरली. तिच्याकडे दोन ऑफर आहेत. एक सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या फर्मची, जी अशा खटल्यांत कंपन्यांच्या बाजूने उभी राहते. दुसरी ओकलंडच्या एका छोट्या ऑफिसची, जे आजारी माणसांच्या बाजूने लढतं. दुसरीकडचा पगार पहिलीच्या निम्म्याहून कमी, आणि डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. डोंबिवलीहून आजीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "अगं, पण असले खटले असतात तरी किती?"

आजींचा प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर फ्रीमाँटपासून, ट्रॅफिक नसेल तर, अर्ध्या-पाऊण तासावर आहे. सॅन होजेच्या दक्षिण भागात बर्नाल रोडवर फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरचा कारखाना होता. १९८१ च्या अखेरीस तिथल्या जमिनीखालच्या टाकीतून सॉल्व्हंट गळून पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपर्यंत पोचल्याचं उघड झालं. विहीर बंद केली, पण शेजारच्या लॉस पासेओस वस्तीतल्या लोकांना हे कळलं १९८२ च्या सुरुवातीला, वर्तमानपत्रातून. मग तिथल्या आया एकमेकींना विचारू लागल्या, की आपल्या गल्लीत इतके गर्भपात का झाले, इतकी बाळं हृदयाचे दोष घेऊन का जन्मली? राज्याच्या आरोग्य खात्याने पाहणी केली. त्या वस्तीत प्रमाण जास्त होतं हे दिसलं, पण ते पाण्यामुळेच, असं मात्र सिद्ध करता आलं नाही. रहिवाशांनी दावे लावले आणि पुढे तडजोड झाली.

त्या प्रकरणातून बरंच काही निघालं. १९८२ मध्ये सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोअॅलिशन ही संस्था उभी राहिली. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाने जमिनीखालच्या टाक्यांवर देखरेखीचा कायदा केला. आणि लोकांच्या लक्षात आलं, की धुराडी नसलेला, हिरवळीवर बसलेला, 'स्वच्छ' म्हणून मिरवणारा हा उद्योग मुळात रसायनांचा उद्योग आहे. आपल्या फ्रीमाँटला खेटून असलेल्या सांता क्लारा काउंटीत २३ सुपरफंड जागा नोंदल्या गेल्या. फेडरल सरकारने तातडीने साफ करायच्या यादीत घातलेल्या या जागा. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीत एवढ्या नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक चिप आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी मागे ठेवलेल्या आहेत.

मी स्वतः काही वर्षं फॅबमध्ये प्रोसेस इंजिनीअर म्हणून काढली आहेत. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा बनी सूट, हातमोजे, मास्क. भारतात फोटो पाठवला की सगळे म्हणायचे, "किती काळजी घेतात रे तुमची!" खरं तर तो सूट माणसासाठी नसतोच. माणसाच्या अंगावरची धूळ वेफरवर पडू नये म्हणून तो असतो. क्लीन रूममधली हवा फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात. त्या फिल्टरला धूळ अडते, सॉल्व्हंटची वाफ अडत नाही. हे इंजिनीअरला ठाऊक असतं. लाइनवर उभ्या असलेल्या ऑपरेटर बाईला कुणी सांगितलेलं असेलच असं नाही. या बायका बहुतेक फिलिपिनो, व्हिएतनामी, मेक्सिकन. नवऱ्यामागे इथे आलेल्या आपल्याही काही जणींनी पहिली नोकरी म्हणून असेंब्लीच्या लाइनवर सोल्डरिंग केलेलं आहे.

१९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डिजिटल इक्विपमेंटच्या कारखान्यात अभ्यास झाला आणि तिथे फॅबमधल्या काही कामांवरच्या बायकांत गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. १९९२ मध्ये चिप उद्योगाने स्वतः करवून घेतलेल्या अभ्यासात आणि आयबीएमसाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने केलेल्या अभ्यासातही तसंच दिसलं. संशय ग्लायकॉल ईथर गटातल्या सॉल्व्हंटवर होता. त्यानंतर इथल्या कारखान्यांतून ते हळूहळू काढून टाकले गेले.

या सगळ्यात एका वकीलबाईंचं नाव पुन्हा पुन्हा येतं, अमांडा हॉज. हार्वर्डमधून कायदा शिकलेल्या या बाई सॅन होजेला आल्या आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून इलेक्ट्रॉनिक्सच्या कामगारांसाठी लढू लागल्या. तेव्हा या क्षेत्रात करिअर असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. कामगारांसाठी आरोग्य आणि सुरक्षेची संघटना उभी करण्यातही त्यांचा हात होता. पुढची चाळीसेक वर्षं त्यांनी हेच काम केलं. करिअर म्हणजे काय, हे मुलांना दाखवायचं असेल तर मी स्टार्टअपवाल्यांच्या आधी या बाईंचं नाव सांगेन.

आता या कामातली खरी अडचण सांगतो. रस्त्यावर गाडीने ठोकलं तर कुणाची चूक, हे पोलिसाच्या रिपोर्टमध्ये असतं. रसायनाचं तसं नाही. वकिलाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पहिली, हे रसायन हा रोग करू शकतं का? दुसरी, करू शकत असेल, तर या माणसाला तो याच रसायनामुळे झाला का? कॅन्सर तर कुणालाही होतो, आणि रोग दिसायला पंधरा-वीस वर्षं लागतात. तोवर कारखाना विकलेला असतो, सुपरवायझर रिटायर झालेला असतो, रसायनाचं नावही बदललेलं असतं. शिवाय १९९३ च्या डॉबर्ट निकालापासून फेडरल न्यायालयांत तज्ज्ञाचं शास्त्र भरवशाचं आहे का, हे न्यायाधीश आधी तपासतात आणि मगच ते ज्युरीपुढे जाऊ देतात. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये सारगॉन निकालात तशीच चाळणी लावली.

त्यात आणखी एक मेख आहे. नोकरीवर आजारी पडलेल्या माणसाला आपल्या मालकावर सहसा साधा दावा लावताच येत नाही. त्याने वर्कर्स कॉम्पमधून ठरावीक भरपाई घ्यायची आणि गप्प बसायचं. कॅलिफोर्नियात एक अरुंद फट आहे. कामामुळे इजा झाली आहे हे मालकाला ठाऊक होतं, त्याने ते कामगारापासून लपवलं आणि त्यामुळे इजा वाढली, एवढं सगळं दाखवता आलं तर दावा चालतो.

याच फटीतून हॉज आणि त्यांचे सहकारी वकील रिचर्ड अलेक्झांडर यांनी आयबीएमच्या सॅन होजे कारखान्यातल्या दोन माजी कामगारांचा खटला नेला. २००३ च्या शरदात तो सांता क्लारा काउंटीच्या न्यायालयात सुरू झाला आणि जगभरातून पत्रकार येऊन बसले. आयबीएमकडे आपल्या हजारो मृत कर्मचाऱ्यांच्या मृत्यूच्या कारणांची नोंद होती. फिर्यादीच्या तज्ज्ञाने तिचा अभ्यास करून काही कॅन्सर जास्त असल्याचं म्हटलं होतं. न्यायाधीशांनी तो पुरावा ज्युरीपुढे येऊ दिला नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये ज्युरीने निकाल आयबीएमच्या बाजूने दिला. कंपनीचं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं, की आजार कामामुळे झालेले नाहीत. काही महिन्यांनी उरलेल्या बऱ्याच दाव्यांत तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही.

म्हणजे इतक्या वर्षांच्या तयारीनंतर हॉजबाई हा खटला हरल्या, आणि नंतरही त्याच कामावर जात राहिल्या. आमच्या या मुलीने हे आधी समजून घ्यावं असं मला वाटतं. सिनेमांत हे काम फार झटपट होतं. हिंकली गावच्या क्रोमियमचा खटला, १९९६ ची ३३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड, 'एरिन ब्रॉकोविच', आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावचा वकील यान श्लिक्टमन आठवावा. ल्युकेमियाने मुलं गमावलेल्या घरांसाठी त्याने खटला लढवला, तज्ज्ञांवर आणि भूजलाच्या चाचण्यांवर पैसा ओतला, एका कंपनीकडून ८० लाख डॉलरची तडजोड मिळवली आणि शेवटी स्वतः दिवाळखोरीत गेला. यात फी कंटिन्जन्सीवर असते. जिंकलं तर साधारण एक तृतीयांश किंवा थोडी जास्त, हरलं तर शून्य. मधला सगळा खर्च बहुधा वकिलाच्या खिशातून.

याच पद्धतीची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. टीव्हीवर रात्री लागणाऱ्या जाहिराती पाहा. अमुक औषध घेतलं असेल, तमुक पावडर वापरली असेल तर फोन करा. हजारो नावं गोळा करायची, कंपनीला तडजोडीला आणायचं आणि माणशी थोडी रक्कम वाटून मोकळं व्हायचं, असंही चालतं. मथळ्यांतल्या आकड्यांवरही जाऊ नये. आपल्याच अलामेडा काउंटीत, ओकलंडच्या न्यायालयात, मे २०१९ मध्ये राउंडअप या तणनाशकाच्या खटल्यात ज्युरीने एका दांपत्याला दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली. न्यायाधीशांनी ती सुमारे ८ कोटी ७० लाखांवर आणली. कंपनी आजही म्हणते की तणनाशकाने कॅन्सर होत नाही. कंपनीलाही चांगला वकील मिळालाच पाहिजे, नाहीतर न्यायालयाला अर्थ काय? मोठ्या फर्मची ऑफर घेतली म्हणून कुणी वाईट ठरत नाही.

किंबहुना या क्षेत्रातला अलीकडचा सगळ्यात गाजलेला वकील रॉब बिलॉट हा मुळात कंपन्यांचाच वकील. सिनसिनाटीच्या मोठ्या फर्ममध्ये रासायनिक कंपन्यांची कामं करायचा. १९९८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका शेतकऱ्याने त्याला गाठलं. ड्युपाँटच्या कचऱ्याच्या जागेजवळ त्याच्या गाई एकेक करून मरत होत्या. बिलॉटने कागद मागवले, खोकीच्या खोकी आली, आणि तो जमिनीवर बसून ती वाचत गेला. टेफ्लॉन बनवताना वापरलं जाणारं पीएफओए पाण्यात उतरल्याचं बाहेर आलं. २००४ च्या तडजोडीत त्याने नुसती रक्कम घेतली नाही, तर शास्त्रज्ञांची स्वतंत्र समिती मागून घेतली. सुमारे ६९ हजार लोकांनी रक्त तपासायला दिलं. २०१२ पर्यंत समितीने सहा आजारांशी संभाव्य संबंध सांगितला. त्यानंतर २०१७ मध्ये साडेतीन हजारांवर दाव्यांची ६७ कोटी डॉलरची तडजोड झाली. गाईंच्या फोनपासून इथवर एकोणीस वर्षं.

मला यातली समितीची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. शास्त्राने जे आधी विचारलंच नव्हतं, ते एका वकिलाने विचारायला लावलं. दक्षिण कोरियातही असंच घडलं. सॅमसंगच्या चिप कारखान्यात काम केलेली एक तरुण मुलगी २००७ मध्ये ल्युकेमियाने गेली. तिचे वडील टॅक्सी चालवायचे. त्यांनी हट्ट सोडला नाही, वकील आणि कार्यकर्ते बरोबर आले, आणि २०१८ मध्ये कंपनीने जाहीर माफी मागून भरपाईची योजना मान्य केली.

भारतातल्या वाचकांना हे सगळं दूरचं वाटेल, तर भोपाळ आठवावं. डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळती झाल्यावर काही दिवसांत अमेरिकन वकील तिथे पोचले होते. त्यांत आमच्या सॅन फ्रान्सिस्कोचे मेल्विन बेलीही होते. त्यांच्यावर गिधाडं म्हणून टीका झाली, आणि ती सगळीच खोटी नव्हती. १९८५ मध्ये भारत सरकारने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने लढण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश जॉन कीनन यांनी खटला भारतात चालवा म्हणून परत पाठवला. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपये अंतरिम मदत द्यायचा आदेश दिला. वरच्या न्यायालयात ती रक्कम कमी झाली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर सगळं मिटवलं गेलं. बहुसंख्य पीडितांच्या हाती सुरुवातीला आले २५ हजार रुपये. ज्यांच्यासाठी खटला, त्यांना तडजोडीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. आपला स्वतःचा वकील नसणं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

त्याच काळात, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला आणि तीस हजारी न्यायालयातला एक वकील त्यात गेला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने सांगितलं, की धोकादायक उद्योग करणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण आहे, त्याला कुठलीही सबब चालणार नाही. हे तत्त्व इथल्या अमेरिकन कायद्याहूनही कडक आहे. तत्त्व आहे, पण ते रोज वापरणारे वकील कमी आहेत. भारतात वकिलाला कंटिन्जन्सी फी घ्यायला मनाई आहे. त्यामुळे गरीब माणसाने आधी पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न तसाच राहतो.

आणि आजी, तुमच्या डोंबिवलीत? २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. मे २०१६ मध्ये प्रोबेसमध्ये स्फोट, मे २०२४ मध्ये अमुदानमध्ये स्फोट. स्फोटाची बातमी होते, चौकशी होते. पण वीस वर्षं त्या हवेत श्वास घेतलेल्या माणसाच्या फुप्फुसाची बातमी होत नाही. तिकडे पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला मच्छीमारांच्या संघटनेने तारापूरच्या सांडपाण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना मोठी भरपाई भरायला सांगितली, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे मच्छीमार काही कायदा शिकलेले नव्हते. त्यांना कुणीतरी कागद लिहून देणारं, तारखेला उभं राहणारं भेटलं म्हणून ते तिथवर पोचले. लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, आणि भरपाईचा अर्ज साधारण पाच वर्षांच्या आत करावा लागतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं.

ज्यांच्या घरात मुलं या वाटेचा विचार करत असतील, त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. इथे चार वर्षांची पदवी, तीन वर्षं लॉ स्कूल आणि मग बार परीक्षा हा नेहमीचा रस्ता. पदवी रसायनशास्त्राची, पब्लिक हेल्थची किंवा आपल्या लाडक्या इंजिनीअरिंगची असली तर या कामात सोनं. कारण दिवसातला बराच वेळ कोर्टात भाषणं करण्यात जात नाही. तो विषशास्त्राचे पेपर वाचण्यात, कंपनीची जुनी खरेदीची बिलं चाळण्यात आणि आजारी माणसाच्या स्वयंपाकघरात बसून, "तुम्ही कुठला डबा उघडायचात, त्याचा वास कसा होता?" हे विचारण्यात जातो. भारतात सनद मिळालेल्या वकिलांनाही एक सांगतो. परदेशी वकिलाला इथला पूर्ण अभ्यासक्रम न करता बार परीक्षेला बसू देणाऱ्या मोजक्या राज्यांत कॅलिफोर्निया आहे. लग्न होऊन इथे आल्यावर सनद कपाटात ठेवून दिलेल्या आपल्या किती मुली असतील!

आणि जे वकील होणार नाहीत, पण ज्यांनी इथल्या फॅबमध्ये, लॅबमध्ये, बॅटरीच्या किंवा गाड्यांच्या कारखान्यात काम केलंय, त्यांनी एक काम करावं. रसायनांच्या संपर्काच्या नोंदी कंपनीने ३० वर्षं जपून ठेवायच्या असतात, आणि कामगाराने मागितल्या तर १५ दिवसांत दाखवायच्या असतात. हा आपला कायदेशीर हक्क आहे. आजारी नसतानाच त्या मागून घ्या आणि पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. आजाराचं कारण रसायन असू शकतं असं डॉक्टर म्हणाले, तर कॅलिफोर्नियात दाव्याची मुदत त्या समजण्यापासून साधारण दोन वर्षं असते. "बघू पुढे" म्हणण्यात ती निघून जाते.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. तिच्या बाबांनी मला विचारलं, "तू सांग तिला, तुझं ऐकेल." मी तिला एवढंच सांगितलं, की कर्ज फेडायला पाच वर्षं मोठ्या फर्ममध्ये काढलीस तरी हरकत नाही, बिलॉट तिथूनच आला. पण ओकलंडला जाणार असशील, तर तुझ्या आई-बाबांनी आणि आम्ही काका-मावश्यांनी ते पगाराच्या तराजूत घालू नये. ती म्हणाली, "काका, तुम्ही फॅबमध्ये काय काय हाताळलं ते मला एकदा लिहून द्या." मी लिहायला बसलो आहे. सोळा रसायनं आठवली, अजून आठवतायत.

आपण या खोऱ्यात येऊन घरं घेतली, मुलं वाढवली, ती चिपच्या जोरावर. त्या चिपने ज्यांचं अंग जाळलं, त्यांच्या बाजूने आपल्यातलं एखादं पोर उभं राहत असेल, तर ते आपल्या मराठी मंडळाच्या स्टेजवर सत्कार करण्याइतकं मोठं काम आहे. निदान "पेटंटची का नाही केलीस?" एवढं तरी कुणी विचारू नका.